भांडा, पण दोरी आखून

ताई,
मी फलोत्पादनाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका उद्यान प्रदर्शनात विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागांपैकी पाच मीटर बाय चार मीटरची एक जागा आम्हाला मिळाली आहे. जागा हॉलच्या आत आहे. विषय परागीभवन. आम्ही फलोत्पादनाचे सहाजण, डिझाइनचे पाचजण आणि एका शाळेतली आठवीची नऊ मुलं असा गट आहे, आणि समन्वयक मी. अकरा आठवडे उरलेत आणि अजून एक बी मातीत पडलेलं नाही. डिझाइनवाल्यांनी तिसरं मॉडेल केलंय: मधोमध अर्धा मीटर उंच मातीची टेकडी, तिच्यावर षटकोनी खोल्यांचं भलंमोठं पोळं आणि भोवती फुलांचा समुद्र. आमची फलोत्पादनाची मुलं म्हणतात, "आणि फुलं काय गोंदाने चिकटवायची?" ते म्हणतात, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं असतं." ग्रुपवर रात्री दीडपर्यंत हेच चालतं. शाळेच्या मुलांना कुंड्या रंगवण्यापलीकडे काही काम मिळालेलं नाही. डिझाइनचे दोघं गेल्या चार मीटिंगना फिरकलेले नाहीत. सर येतात, मॉडेल बघतात, खिशातून पेन काढतात आणि तिसरंच काहीतरी काढून जातात. शेवटी सगळं मलाच करावं लागणार असं दिसतंय. शेवटचा शब्द कुणाचा असावा? न येणाऱ्या दोघांना काढून टाकू का? आणि एक बारीकसा प्रश्न: पाण्याचा निळा ड्रम जागेतच ठेवावा लागणार आहे, तो लपवायचा कसा?
मधल्यामध्ये लोंबकळणारी

मधल्यामध्ये लोंबकळणाऱ्या मुली,

आधी ते तिसरं मॉडेल कपाटावर ठेव. फेकू नकोस, त्यात पाचजणांच्या रात्री गेल्यात. चौथं मात्र होऊ देऊ नकोस. उद्या सगळ्यांना मैदानात बोलाव. सोबत सुतळीचा गुंडा, चार खुंट्या, फक्की, मोजपट्टी आणि मिळतील तेवढे रिकामे खोके नि कुंड्या. पाच बाय चारचा चौकोन खऱ्या मापात जमिनीवर आखा. कोपऱ्यांसाठी तीन-चार-पाचची युक्ती आहेच: एका बाजूवर तीन मीटरची खूण, दुसरीवर चार मीटरची, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच आलं की कोपरा काटकोनात. हे काम आठवीच्या मुलांना द्या. पायथागोरस त्यांच्या डोक्यात तुमच्यापेक्षा ताजा असेल.

आता खोके रचून टेकडी उभी करा, कुंड्या मांडून वाफे दाखवा, आणि एकेकाने पाहुणा होऊन आत शिरा. मॉडेलकडे आपण घारीसारखं वरून बघतो. वरून सगळंच सुरेख दिसतं. प्रदर्शनाला येणारा माणूस दीड मीटर उंचीवरून, समोरच्याच्या खांद्यावरून, कडेवर पोर किंवा हातात पिशवी घेऊन बघतो. त्याला टेकडीची पलीकडची बाजू दिसतच नाही. चौकोनात उभं राहिल्याबरोबर हे कुणीही न सांगता कळतं. वाटेचंही तसंच. चाकाच्या खुर्चीला जायला निदान 90 सेंटिमीटर हवेत आणि वळायला दीड मीटरचं वर्तुळ. जागा आहे वीस चौरस मीटर. त्यातून सव्वा मीटर रुंदीची आरपार वाट काढली की सहा चौरस मीटर गेले. उरलेल्या चौदात टेकडी, पोळं आणि समुद्र बसवून दाखवा म्हणावं.

टेकडीचा हिशोबही तिथेच करा. दोन मीटर बाय दोन मीटर, उंची अर्धा मीटर, म्हणजे दोन घनमीटर. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे हॉलच्या फरशीवर तीन टन, आणि ते आत नेणार कोण? घमेलं घेऊन तुम्हीच. (प्रदर्शनवाल्यांना फरशीला किती वजन चालतं हे आजच विचारून ठेव. हा प्रश्न सगळे शेवटच्या दिवशी विचारतात.) पण याचा अर्थ टेकडी नकोच असा नाही. प्लास्टिकचे क्रेट पालथे रचून वर जाळी अंथरली, तिच्यावर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर दिला आणि त्यात रोपं कुंडीसकट बसवली की तीच टेकडी एका टेम्पोत येते. डिझाइनवाल्यांना हवा तो चढ मिळाला, तुमच्या मुलांना रोपांची मुळं न दुखवता नेता आली. कागदावर हे "हो" आणि "नाही" यांचं भांडण होतं. खोक्यांपाशी उभं राहिलं की ते "कशाने भरायची" एवढंच उरतं.

म्हणून एक नियम आजपासून लाव. ग्रुपवर फक्त वेळा आणि फोटो. डिझाइनबद्दलचं कुठलंही मत दोरीच्या आत उभं राहूनच बोलायचं. रात्री दीड वाजता मैदानात कुणी येत नाही, त्यामुळे अर्धे वाद आपोआप मिटतील.

आता त्या चौकोनात सांगायचं काय? तुझ्या पत्रात विषय "परागीभवन" आहे. अगं, ते तर पुस्तकातल्या आख्ख्या धड्याचं नाव झालं. वीस चौरस मीटरमध्ये एक वाक्य मावतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल 1856 ते 1863 अशी आठ वर्षं ब्रनोच्या मठातल्या बागेत वाटाणे लावत होता, अठ्ठावीस हजारांच्या आसपास रोपं त्याने हाताळली, आणि लक्ष दिलं ते फक्त सात गुणांकडे. वाटाण्यात बघण्यासारखं सातच होतं म्हणून नाही. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये, जो 1913पासून त्याच रॉयल हॉस्पिटलच्या आवारात भरतो, बाग करणाऱ्यांना आधी लेखी टिपण द्यावं लागतं: ही बाग कुणासाठी, कशासाठी. परीक्षक ते टिपण हातात घेऊन बागेपुढे उभे राहतात आणि म्हटलंय ते केलंय का, हे बघतात. तुमच्या प्रदर्शनात परीक्षक असोत की नसोत, तुम्ही ते टिपण लिहाच. आठ-दहा ओळी पुरेत, पण त्यातली पहिली ओळ तुमचं वाक्य हवं.

उदाहरण देते. हट्ट नाही, आवडलं तर घ्या. वांग्याचं फूल हातात धरून बघ. मधले पिवळे पुंकेसर तुला बंद नळ्यांसारखे दिसतील. परागकण त्या नळ्यांच्या आत, आणि बाहेर यायला टोकाशी बारीकसं छिद्र. मीठदाणीसारखंच. टोमॅटोतही नळ्या एकमेकींना चिकटून शंकू झालेला असतो आणि पराग आतल्या बाजूने सुटतो. भुंगा अशा फुलाला लोंबकळतो (तुझ्यासारखाच), पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, आणि त्या कंपाने पराग भुरभुरतो. मधमाशीला हे जमत नाही. ती बिचारी सांडलेलं गोळा करते. म्हणून काचघरांमध्ये 1980च्या दशकाच्या अखेरपर्यंत माणसं कंप देणारी कांडी हातात घेऊन टोमॅटोच्या ओळीओळीतून फिरायची. पुढे त्या कामाला पाळलेल्या बंबलबी, म्हणजे थरथरवता येणाऱ्या गुबगुबीत केसाळ माश्या, आल्या.

आता शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा आणा. रबरावर आपटा आणि उमललेल्या फुलाच्या देठाला अलगद टेकवा. खाली काळा कागद धरा. पिवळट धुरळा पडतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारी एक आजोबा होते, ते म्हणाले, "पुन्हा कर." तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्याच फुलातून काहीच पडलं नाही, आणि त्यांनी विचारलं, "संपलं?" एवढ्या एका शब्दात त्यांना कळलं होतं की फूल पराग पुरवून पुरवून देतं. तिथे लावलेल्या पाच फलकांपैकी एकही त्यांनी वाचलेला नव्हता.

तर वाक्य झालं: काही फुलं थरथरवल्याशिवाय पराग देत नाहीत. आता डिझाइनवाल्यांच्या पोळ्याचं काय ते बघ. पोळं मधमाशीचं, आणि आपल्या वाक्यात मधमाशी तर नापास झालीय. हे त्यांना तू सांगू नकोस. दोरीच्या आत नादकाट्याचा प्रयोग करून दाखव आणि गप्प बस. लाकूड पोखरणारे भुंगे वाळक्या ओंडक्यात इतकी गोल भोकं पाडतात की गिरमिटाने पाडल्यासारखी वाटावीत. आत बोगद्यात ते घर करतात. माणसाला डोकं घालून बघता येईल एवढा ओंडका करायचा, त्याच्या भोकातून पलीकडे फूल दिसायचं, ही कल्पना डिझाइनच्या पाचांपैकी एकाला तरी सुचेलच. सुचायची वाट बघ. तू सांगितलीस तर ती तुझी होईल, आणि तुझी झाली की बांधायचीही तूच.

हा प्रयोग पाहुण्यांच्या हाती मात्र देऊ नका. एक फूल दोन-तीन दिवस टिकतं आणि दोन-तीन थरथरीत रिकामं होतं. दमट हवेत, किंवा नुकतं पाणी मारलेलं असेल तर, पराग चिकटून बसतो आणि खाली काहीच पडत नाही. म्हणजे सकाळी हॉल उघडल्या उघडल्या दाखवायला जाल तर फजिती. ऊन चढल्यावर, अर्ध्या अर्ध्या तासाने, आठवीतल्या मुलाने करून दाखवायचं. दिवसाला साधारण पंधरा खेळ, खेळाला दोन फुलं, म्हणजे रोज तीस ताजी फुलं. किती रोपं लावायची हे आता तुला या आकड्यावरून काढता येईल. "फुलांचा समुद्र" या शब्दांवरून ते कधीच काढता आलं नसतं.

आणि रोपांवरून आठवलं. तुमच्या गटात एक सभासद असा आहे ज्याला तुम्ही अजून मीटिंगला बोलावलेलंच नाही, तो म्हणजे बी. पत्र लिहिलंस तेव्हा अकरा आठवडे होते, हे छापून येईपर्यंत दहा राहिलेत. वांगं आज पेरलं तर फूल यायला दहा ते बारा आठवडे. गाडी चुकली, आता रोपवाटिकेतून तयार रोपं आणा. टोमॅटोच्या लवकर येणाऱ्या बुटक्या जातीला सात-आठ आठवडे. आज पेरा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पेरा. झेंडूला सहा ते आठ आठवडे. त्याचा शेंडा खुडला की फूल आठ-दहा दिवस लांबतं आणि रोप पसरट होतं, हे तुमच्या मुलांना माहीत असेलच. डिझाइनवाल्यांना माहीत नसतं. त्यांना वाटतं फूल म्हणजे रंगाचा डबा, झाकण काढलं की तयार. शेवंती कुणाच्या मनात असेल तर ती काढून टाका. तिला लांब रात्री लागतात, आणि रोपांवर रात्रभर दिवा पडत राहिला तरी ती कळी धरायचं विसरते.

एक लांब कागदी पट्टी घे. उजव्या टोकाला उद्घाटनाचा दिवस लिही आणि तिथून उलटं मोज. एक आठवडा मागे: रोपं आतल्या उजेडाला सरावण्यासाठी सावलीत. दोन दिवस मागे: मांडणी. आणि याप्रमाणे पेरणीपर्यंत ये. ही पट्टी भिंतीला लाव. वाद घालायला येणारा प्रत्येकजण आधी तिच्यासमोर उभा राहू दे. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1751मध्ये फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती. कुठलं फूल किती वाजता उमलतं, कुठलं किती वाजता मिटतं, ते ओळीने लावायचं आणि बागेकडे बघून वेळ सांगायची. वाचायला इतकं गोड आहे की अजूनही लोक लावून बघतात. ढग आले, ऋतू सरकला, अक्षांश बदलला की घड्याळ मागेपुढे होतं. एवढ्या मोठ्या माणसाची कागदावरची बाग जमिनीवर लंगडते, तर तुमची तीन मॉडेलं लंगडली याचं वाईट वाटून घेऊ नका.

हॉलमधल्या उजेडाबद्दल एक सांगून ठेवते. आपल्या डोळ्यांना हॉल लख्ख वाटतो. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो आणि आत जेमतेम काहीशे. रोपाच्या दृष्टीने ती संध्याकाळच. दोन दिवसांत कळ्या गळायला लागतात. म्हणून प्रत्येक रोपाचा जोडीदार बाहेर तयार ठेवा आणि एक दिवसाआड रात्री अदलाबदल करा. कुंडीसकट बसवायचं म्हणाले ते यासाठीही.

आता तुझा मुख्य प्रश्न, शेवटचा शब्द कुणाचा.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका उघड्या मैदानात सूर्यफुलांचा वाफा केला होता. दोन महिने आधी जमिनीतच लावलेली, छातीएवढी उंच, एकसारखी. वाट होती पश्चिमेच्या बाजूने, कारण फाटक तिकडे होतं. वाफा आखला जात असताना पहिल्या वर्षाची एक मुलगी म्हणाली होती, "पण ती पूर्वेला बघतील ना?" मोठ्या मुलांनी तिला समजावलं की सूर्यफूल सूर्याबरोबर फिरतं, संध्याकाळी इकडे बघेल. मी तिथेच होते, मीही मान डोलावली. कोवळी कळी फिरते, हे खरं. फूल पूर्ण उमललं की देठ ताठरतो आणि तोंड पूर्वेला स्थिरावतं. उद्घाटनाच्या दिवशी शंभरेक सूर्यफुलं पाहुण्यांकडे पाठ करून उभी होती. हिरवी, केसाळ पाठ. छायाचित्रकार कुंपणावरून उडी मारून मागे गेला, त्याला तेवढा तरी फोटो मिळाला. ती मुलगी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं मला.

त्या वर्षानंतर मी "शेवटचा शब्द कुणाचा" हा प्रश्न माणसांच्या नावाने सोडवायचं बंद केलं. तुला सांगते तो हिशोब असा. रोप जे ठरवतं, म्हणजे तारीख, उजेड, पाणी, कुंडीचा आकार, कुठलं तोंड कुठे, त्यात फलोत्पादनाच्या मुलांचा शब्द शेवटचा. तिथे डिझाइनवाल्यांनी वाद घालायचा नाही. पाहुण्याचं शरीर जे ठरवतं, म्हणजे वाट, उंची, नजर कुठे जाते, हात कुठे पोचतो, अक्षर केवढं, त्यात डिझाइनवाल्यांचा. तिथे तुम्ही "पण आमचं रोप झाकलं जातंय" म्हणायचं नाही. आणि समजलं की नाही, याचा निकाल आठवीच्या मुलांचा. एखादी गोष्ट त्यांना चौथीतल्या पोराला सांगता आली नाही, तर ती दालनातून बाहेर. कितीही सुंदर असो, कितीही कष्टाने केलेली असो. हा नकाराधिकार त्यांना सगळ्यांसमोर दे आणि पहिल्यांदा ते वापरतील तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. कुंड्या रंगवण्याचा कंटाळा एका दिवसात जाईल.

फलक त्यांच्याकडूनच लिहून घ्या. एका फलकावर पन्नासेक शब्द, त्याहून जास्त नकोत. तीन मीटरवरून वाचायचा मथळा असेल तर अक्षराची उंची अडीच सेंटिमीटर धरा. मग तो फलक दोरीच्या चौकोनात काठीला बांधा आणि ज्याला विषयाचा गंध नाही अशा कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळेल तिथे शब्द बदला. "परागकोशाच्या अग्ररंध्रातून" असं लिहून पाठवलंय का कुणी? पाठवलं असणारच.

मुलांना आणखी एक काम देता येईल. एका उथळ खोक्याला पुढून काच लावायची, आत माती, काचेला लागून घेवड्याचं बी, आणि खोका काचेच्या बाजूला थोडा कलता ठेवायचा. मुळं सरळ खाली जायला बघतात आणि काचेवर येऊन चिकटतात. काचेवर काळा कागद झाकून ठेवायचा, कारण उजेड मुळांना आवडत नाही, आणि पाहुणा आला की उचलून दाखवायचा. दहा-बारा दिवसांत तयार होतं. आपल्या वाक्याशी याचा संबंध नाही, मला माहीत आहे. दालनात ठेवू नका. पण पुढचे दहा आठवडे नुसती वाट बघण्यात जाणार आहेत, आणि तेराव्या वर्षी वाट बघायला काहीतरी दिसावं लागतं.

न येणाऱ्या दोघांबद्दल. आधी त्यांना एकेकट्याला गाठ, सगळ्यांपुढे नको, आणि विचार. मी आजवर ज्यांना आळशी समजले त्यातला निदान एक तरी संध्याकाळी कुठेतरी नोकरीला जात होता आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. वेळेचीच अडचण असेल तर एकट्याने, आपल्या वेळेला करता येईल असं काम दे: ओंडक्याच्या सांगाड्याची मापं, कुंड्यांच्या क्रमांकाच्या पट्ट्या. काही अडचण नसेल आणि नुसतीच टाळाटाळ असेल, तर प्रत्येकी एक ट्रे रोपं नावासकट दे. ट्रेवर नाव मोठ्या अक्षरात. सुकलेली रोपं सगळ्यांना दिसतात, तुला ओरडावं लागत नाही. (जोडीचा ट्रे दुसऱ्या कुणाकडे ठेव, नाहीतर त्यांना धडा मिळायचा आणि तुझे टोमॅटो जायचे.) काढून टाकू नकोस. दालनाच्या कोपऱ्यात शेवटी नावांचा फलक लागेलच, त्यावर पदं लिहू नका, कामं लिहा: पाणी कुणी दिलं, दोरी कुणी आखली, ओंडका कुणी कापला. ज्याने काही केलं नाही त्याच्या नावापुढे लिहायला काही नसेल, एवढं पुरे.

सरांचं अवघड नाही. ते पेन काढतात, कारण तुम्ही त्यांच्यापुढे कागद ठेवता. पुढच्या वेळी त्यांना दोरीच्या आत उभं कर आणि हातात रिकामी कुंडी दे: "सर, ही कुठे ठेवू?" जिथे ठेवतील तिथून काय दिसतं ते त्यांनाही दिसेल. आणि जे फक्त त्यांनाच जमतं ते त्यांच्याकडे आवर्जून माग. हॉलमध्ये पाण्याचा नळ कुठे, वजनाची परवानगी, विजेच्या जोडणीला गळती झाली तर वीज तोडणारं उपकरण आहे का, रोपं ठेवायच्या जागेची रात्रीची किल्ली. विद्यार्थ्याच्या अर्जाला जिथे आठवडा लागतो तिथे त्यांच्या एका फोनने काम होतं. त्यांना गुंतलेलं राहायचंय, हे चांगलंच आहे की.

आणि "सगळं मलाच करावं लागणार" हे वाक्य. तू करू शकशील याबद्दल मला शंका नाही, म्हणून तर भीती वाटते. समन्वयकाने खुरपं हातात घेतलं की बाकीचे सावलीत जाऊन बसतात. तुझ्याकडे तीनच वस्तू असू देत: ती कागदी पट्टी, एक वही आणि किल्ल्या. कुणी काय ठरवलं ते वहीत त्याच दिवशी, त्याच्यासमोर लिही. "मी असं म्हणालोच नव्हतो" हे वाक्य वहीपुढे टिकत नाही.

मांडणीच्या दिवशीचं पटकन सांगते, ते तुम्हाला तिथे आपोआप सुचेल. प्रत्येक कुंडीला क्रमांक, तोच क्रमांक जमिनीवरच्या आराखड्यात. आधी ओंडका, मग क्रेट, मग रोपं, आणि रोपं मागून पुढे, म्हणजे आपलाच पाय आपल्या वाफ्यात पडत नाही. गाडीत चढवण्याच्या आदल्या दिवशी पाणी द्या, निघताना नको. ओली कुंडी जड होते आणि सांडते. उंच रोपांना निघण्याआधीच काडीचा आधार. कण्हेर, धोतरा, एरंड यातलं काहीही शोभेसाठीसुद्धा आणू नका. लहान मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात. आणि प्रदर्शन संपल्यावर रोपं कुणाची, हे आधीच ठरवा. माझं मत विचारशील तर शाळेची.

राहिला निळा ड्रम. मैदानात आखणी करताना ड्रमही आणा, त्यालाही त्याची जागा द्या. लपवायला जाल तर त्याच्याभोवती पडदा येईल, पडद्यापुढे कुंड्या येतील, आणि रोज संध्याकाळी झारी भरायला कुणीतरी त्या कुंड्या हलवून आत शिरेल. ड्रम वाटेच्या कडेला उघडाच ठेवा, झारी त्याच्या कडेला अडकवा. पुढचा खेळ किती वाजता आहे ते त्यावर खडूने लिहा. लोकांना वेळ बघायला काहीतरी लागतंच, आणि निळ्यावर पांढरा खडू लांबून दिसतो.